लढायांचं कपाट आणि वीराचं तेल

माझी उभी नोकरी लढायांत गेली आणि अंगावर साधा ओरखडा नाही. एवढं भाग्य कुठल्या सेनापतीला लाभलं असेल असं मला वाटत नाही.

मी इंदापुरातल्या एका सार्वजनिक वाचनालयाचा संदर्भ विभाग सांभाळायचे. राहायला बारामतीला. सकाळची एसटी धरायची, निमगाव केतकीला विड्याच्या पानांच्या करंड्या घेऊन चढणाऱ्या बायकांना सरकून जागा द्यायची, त्यांनी दिलेलं एखादं कोवळं पान गालात धरायचं आणि इंदापूर आलं की उतरून कुलूप काढायचं. संदर्भ विभाग म्हणजे एक लांबलचक टेबल, डुगडुगत्या खुर्च्या आणि चार कपाटं. त्यातलं तिसरं लढायांचं. युद्धकोश, बंडं आणि उठाव, तह, नकाशांचे जाड खंड, जगाला वळण लावणाऱ्या घटनांचे कोश, सगळं त्यात. शिपाईमामा झाडताना विचारायचे, "म्याडम, तिसऱ्यातली भांडणं पुसू का आधी?" त्या कपाटाचं इतकं नेमकं वर्णन एकाही तपासणी अधिकाऱ्याला जमलं नाही.

हे काम बाहेरच्यांना नीट कळत नाही म्हणून सांगते. संदर्भग्रंथात कुणी पुढच्या दाराने शिरत नाही. शेवटी नावांची सूची असते. तिथून आत जायचं, हवं ते पान गाठायचं आणि काम झालं की बाहेर पडायचं. ही पुस्तकं घरी मिळत नाहीत, पहिल्याच पानावर तसा शिक्का असतो. माझा स्वतःचा एक नियम होता, तो कुठल्याही शिक्क्यात नव्हता. लढाईबद्दल कुणी विचारलं तर एकच पुस्तक उघडायचं नाही. जिंकलेल्याचं एक, हरलेल्याचं एक आणि ज्याचं त्यात काहीच गेलं-आलं नाही अशा तिऱ्हाइताचं एक, अशी तीन शेजारी शेजारी मांडायची. स्पर्धा परीक्षेची मुलं वैतागायची. एकाने तर तोंडावर सांगितलं, "मॅडम, जरा कमी पानांचं युद्ध द्या ना." मी त्याला म्हटलं, बाबा, ज्यांनी केलं त्यांना कमी दिवसांचं मिळालं नाही, तुला कुठून देऊ?

पण मुलांपेक्षा मला आठवतात ती मोठी माणसं. निमगावकडचा एक केळीवाला शेतकरी ऐन उन्हाचा आला. माल परदेशी जायचा, जहाजं लढाईच्या भीतीने लांबून वळसा घालून चालली होती आणि व्यापारी कंटेनर भरायला तयार नव्हता. "बाई, त्यो तांबडा समुद्र कुठं हाय तेवढं दावा." मी नकाशाचा खंड पसरला. त्याने त्या चिंचोळ्या पाण्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "एवढाच गळा? आन त्यात समद्या जगाचा घास?" मग मी त्याला पूर्वीच्या एका युद्धामुळे तिथला कालवा कित्येक वर्षं बंद होता, ते पान काढून दिलं. अक्षर अक्षर लावत तो संध्याकाळपर्यंत बसला. जाताना म्हणाला, "मंजी हे माझ्या बापाच्या येळंला बी झालतं. त्याला पत्ता न्हाय. त्याची केळी इंदापूरच्या फुडं कधी गेलीच न्हाईत." केळी काही सुटली नाहीत त्याची, पण माणूस आला होता त्यापेक्षा शांत होऊन गेला.

आणि भिगवणचे एक निवृत्त हवालदार. एकाहत्तरच्या लढाईत होते. त्याच लढाईचं पुस्तक ते दर गुरुवारी येऊन वाचायचे. मी एकदा विचारलं, तुम्ही स्वतः तिथे होतात, तुम्हाला पुस्तक कशाला? ते हसले. "खंदकातनं काय दिसतंय बाई? फुडच्याची पाठ. आपन जिकलो ते कशामुळं, हे मला हितं तुमच्या टेबलावर कळलं." त्या दिवशी घरी जाताना एसटीत मला उगीचच भरून आलं. आपल्या हातून असंही काही होतं हे त्या माणसाने मला सांगितलं, याचं ऋण मी मानते.

आता ज्या गोष्टीसाठी लिहायला बसले ती सांगते.

अश्विनी नावाची मुलगी खिडकीकडच्या खुर्चीवर बसून परीक्षेचा अभ्यास करायची. नरसिंहपूरच्या वाटेवर, भीमेच्या काठाला तिचं गाव. गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर दोन्ही आळ्यांचे फोन येतील. गावात वरची आळी आणि खालची आळी, दोघांची आडनावं वेगळी, ऊस आणि भाजीपाला सारखाच. अश्विनी वरच्या आळीची. तिचं लग्न खालच्या आळीच्या नवनाथशी ठरलं. तो लोणी देवकरला एका कंपनीत कामाला. दोघांनी एकमेकांना पसंत केलं आणि मग घरच्यांनी रीतसर ठरवल्यासारखं केलं. साखरपुडा झाला, पेढे आमच्या टेबलावर आले.

आणि मग वीर आडवा आला.

त्या गावच्या वेशीजवळ एक उभा दगड आहे. शेंदराची पुटं चढून चढून गुळगुळीत झालेला. नीट पाहिलं तर घोड्यावरच्या स्वारासारखं काही दिसतं, वर चंद्र-सूर्य. गाव त्याला नुसतं 'वीर' म्हणतं. हा वीर पानिपतात पडला, असं गाव पिढ्यान् पिढ्या सांगतं. लग्नाच्या दिवशी नवरदेव मारुतीला जाण्याआधी वीराला तेल घालायचं आणि ते वीराच्या वंशजाने घालायचं, अशी रीत. वंशज कोण? वरची आळी म्हणते आम्ही, खालची म्हणते आम्ही. आजवर निभावलं, कारण लग्न ज्याच्या घरी त्याने तेल घालायचं आणि दुसऱ्या आळीने त्या दिवशी तिकडे बघायचं नाही, असा न बोलता झालेला तह होता. पण आता लग्न दोन्ही आळ्यांचं एकच. बघायचं नाही म्हटलं तरी कुठे बघणार?

अश्विनीचे आजोबा, त्यांना गाव आबा म्हणतं, अडून बसले. नवनाथचे चुलते तात्या, तेही तसेच. शेवटी अश्विनीच म्हणाली, आमच्या वाचनालयात लढायांचं कपाट आहे, तिथे बघा. पुस्तकात असेल ते दोघांनी मानायचं.

आबा आणि तात्या एकाच जीपमधून आले, पण दोन दारांनी उतरले. चपला बाहेर काढल्या. आबांनी कपाटाला हात जोडले आणि खुर्चीवर टेकत म्हणाले, "बाई, पानपत काडा."

मी नियमाप्रमाणे तीन पुस्तकं काढली. सूचीत आबांचं आडनाव निघालं. एका पथकात त्या आडनावाचा माणूस होता, एवढाच उल्लेख. आबांच्या डोळ्यांत पाणी आलं. तात्या खुर्चीच्या कडेला सरकले. "आमचं बी बगा की." मी दुसऱ्या पुस्तकात पाहिलं. तेही निघालं.

मी दोघांना समजावलं. आपल्याकडे आडनावं थोडी आणि माणसं फार. यात गावाचं नाव नाही, पहिलं नाव नाही, आडनावावरून माणूस तुमचाच ठरत नाही. दोघांनी माना डोलावल्या आणि आपापल्या पानाची झेरॉक्स मागितली. पुढच्या आठवड्यात अश्विनीने सांगितलं की दोन्ही झेरॉक्स लॅमिनेट होऊन मारुतीच्या देवळात दाराच्या दोन अंगांना लटकल्या आहेत. भांडण आधी तोंडी होतं, माझ्या पुस्तकांनी ते छापील करून दिलं.

मग ती काही दिवस आलीच नाही. आली तेव्हा वही उघडली नाही.

"आबा म्हणतात पत्रिका छापू नका. तात्यांनी बँडवाल्याला येऊ नको म्हणून सांगितलं. नवनाथ म्हणतो पळून जाऊ. मी का पळू मॅडम? मी काय चोरी केली?"

मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तर ती एकदम सरळ बसली. "तुम्हीच म्हणता ना, एकच पुस्तक उघडायचं नाही? आपण पानिपतच उघडत बसलो. दगडाचं पुस्तक कुठाय?"

मला स्वतःचं हसूही आलं आणि तिचा अभिमानही वाटला. त्याच कपाटाच्या तळाच्या फळीवर वीरगळांचा ग्रंथ होता. लढताना मेलेल्या माणसाच्या नावाने गाव जो दगड उभा करतं, तो वीरगळ. आम्ही दोघी मांडी घालून फरशीवरच बसलो. ग्रंथात चित्रं होती. असा दगड खालून वर वाचायचा असतो. अगदी खालच्या चौकटीत माणूस कसा मेला ते कोरलेलं, त्याच्यावर तो स्वर्गाला निघालेला, त्याच्यावर देवापुढे हात जोडून बसलेला आणि माथ्यावर चंद्र-सूर्य.

अश्विनी चित्रावर वाकली. "आमच्या वीराला एवढे मजले नाहीतच. एक स्वार, की लगेच चंद्र."

"मग बाकीचे कुठे गेले?"

तिला एकदम गावचा रस्ता आठवला. त्या वेशीवरून जाणाऱ्या रस्त्यावर गेल्या कित्येक वर्षांत मुरुमाचे थरावर थर पडले होते. दगड खाली खचला नव्हता. जमीन वर आली होती.

तिने घरी बोलणं काढलं. आबा म्हणाले, उकरा, पण पुस्तक समोर पाहिजे. मी म्हटलं, पानांची झेरॉक्स घेऊन येते. तात्यांचा निरोप आला, "झेराक्स नगं. झेराक्स दोघांकडं बी हाय. पुस्तकच आना." आता संदर्भग्रंथ दाराबाहेर जात नाही. मी आमच्या कार्यवाहांकडे गेले. ते स्वभावाने कडक. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ग्रंथ जाईल. पण तुमच्या हातातून सुटता कामा नये." त्यांचेही मी आजवर आभार मानलेले नाहीत, इथे मानते.

रविवारी मी नव्या साडीच्या कापडात ग्रंथ गुंडाळून गावात उतरले. वेशीवर अख्खं गाव. कुदळ आणायची म्हणताच आबांनी हात वर केला. "लोखंड न्हाय. लोखंडानंच मेलाय त्यो. त्याला परत लोखंड लावायचं न्हाय." मला ही रीत माहीत नव्हती, माझ्या कुठल्याच पुस्तकात नव्हती. बायकांनी हंडे ओतून जमीन भिजवली. मग दोन्ही आळ्यांची माणसं नारळाच्या करवंट्या घेऊन बसली आणि मुरूम खरवडू लागली. वरच्या आळीचे दगडाच्या एका बाजूने, खालच्या आळीचे दुसऱ्या. मधे मधे करवंटीला करवंटी लागायची, तेव्हा दोघेही मान वळवायचे. मी ग्रंथ उराशी धरून उभी.

पहिल्यांदा शिंगं दिसली.

कुणीतरी म्हणालं, हरणं असतील. मग मानेखालची लोंबती पोळी दिसली, मग खूर. गाई. एका रांगेत, एकीच्या आड एक, सगळ्यांची तोंडं एका दिशेला. त्यांच्यापुढे एक माणूस, हातात ढाल आणि तलवार, अंगावर धावून येणाऱ्यांना अडवणारा. पायी होता तो. त्याच्या पायांशी आणखी एक पडलेला. तोही तोच, मेल्यानंतरचा.

तात्यांनी कपाळावरचा घाम पुसला. "बाई, आता पुस्तक वाचा."

मी ग्रंथ उघडला आणि मोठ्याने वाचून सोप्या भाषेत सांगितलं. दगडाच्या तळाशी गाई कोरलेल्या असतील तर तो माणूस चोरट्यांनी पळवलेली गावची गुरं सोडवताना मेलेला असतो. असे दगड बहुतेक यादवांच्या काळातले किंवा त्याच्या आगेमागे. पानिपताच्या कितीतरी आधीचे. घोड्यासारखं जे वाटत होतं ते शेंदराने तसं झालेलं असावं.

"मंजी पानपत न्हाय?" आबांनी विचारलं.

"नाही, आबा."

"नाव?"

"नाव कोरलेलंच नाही."

ज्या गावाने मला चहा-पोहे देऊन मानाने बसवलं, त्याचं पानिपत मी भर वेशीत काढून घेतलं होतं. दोन्ही आळ्यांच्या हातात आता काहीच उरलं नव्हतं आणि अश्विनी माझ्या शेजारी उभी होती. आबा खाली बसले. ओल्या मातीतल्या त्या गाईंच्या पाठीवरून त्यांनी तळहात फिरवला, अगदी गोठ्यात फिरवावा तसा.

"बाई, या गाई कुनाच्या व्हत्या?"

उभ्या नोकरीत मला इतका नेमका प्रश्न कुणी विचारला नाही. "पुस्तकात ते नाही, आबा. कुठल्याच पुस्तकात नसतं."

"मग मी सांगतो. गावाची गुरं एका रानात चरायची, एका वाटंनं यायची. चोरानं नेली आसतील तर समद्यांचीच नेली आसतील. वरच्या आळीची बी, खालच्या आळीची बी." ते थांबले. "ज्यांच्या गाई माघारी आल्या त्यांनी ह्यो दगड रोवला. मंजी तेल गाईवाल्यांनी घालायचं."

तात्यांना राहवलं नाही. "आबा, पर तुमी गाईवालं कसलं? सूनबाईची एक गाय हाय दावनीला. शेवटची वैरन तुमी कवा टाकली?"

"आन तुमच्या दोन जर्सी हायत, त्यांची धार कोन काडतं?"

तात्या हळूच म्हणाले, "वयनी. नवनाथची आई." मागे बायकांत खसखस पिकली.

तेवढ्यात अश्विनी बोलली. "मग ज्या धार काढत्यात त्यांनीच तेल घालायचं. नवनाथची आई आणि माझी आई."

हसू तिथल्या तिथे थांबलं. त्या गावात आजवर एकाही बाईने वीराला हात लावला नव्हता. लांबून हळद-कुंकू टाकायचं आणि मागे सरायचं. आबांनी नातीकडे बघितलं, दगडाकडे बघितलं आणि करवंटी खाली ठेवून उठले. "बगू," एवढंच म्हणाले आणि घरी गेले. मी ग्रंथ घेऊन इंदापूरला परतले. तो सुखरूप कपाटात ठेवला, पण जीव काही कपाटात राहिना. आबांच्या त्या 'बगू'चा अर्थ कुठल्या कोशात बघायचा?

पत्रिका छापल्या गेल्या, एक माझ्याही घरी आली. तेलाचं काय ठरलं ते मात्र कुणी सांगेना. अश्विनीलाही माहीत नव्हतं.

मी आता निवृत्त आहे. लोक विचारतात, एवढी वर्षं धुळीत बसून काय मिळवलंत? पगार तर बेताचाच होता आणि पुढे माझ्या जागेवर कुणी नेमलंच नाही, याचं वाईट वाटतं. मुलं आता मोबाइलवर बघतात. बघू देत. पण मला जे मिळालं ते दुसऱ्या कुठल्या नोकरीत मिळालं नसतं. आपण केवळ पान उघडून दिलं, वाचलं त्या माणसांनी आणि वाचून झाल्यावर ती आपली अढी सोडायला तयार झाली. अढी सोडणारी माणसं बघायला मिळणं हे फार मोठं आहे. त्या सगळ्यांना माझा मनापासून नमस्कार.

लग्नाच्या दिवशी मी वेशीवर पोचले तेव्हा वाजंत्री थांबलेली होती. नवनाथ फेटा बांधून घोड्याजवळ उभा. दगडाभोवतीची माती गोल करून बांधून काढलेली, खालच्या गाई उघड्या ठेवलेल्या. तेलाची वाटी आबांच्या हातात होती. ती बघून अश्विनीच्या मैत्रिणींचे चेहरे पडले. माझाही पडला.

आबा दोन पावलं पुढे आले आणि वाटी त्यांनी नवनाथच्या आईपुढे धरली. शालनबाई एकदम मागे सरल्या. सकाळची धार काढून तशाच घाईने तयार होऊन आल्या होत्या. "आबा, माझ्या हाताला शेनाचा वास येतोय अजून."

"आसू दे. त्याला त्यो वास वळखीचा हाय."

शालनबाईंनी पदर खोचला, वाकल्या आणि गाईंवरून, त्या पडलेल्या माणसावरून तेलाची धार सोडली. मग वाटी अश्विनीच्या आईकडे दिली. तिचे डोळे वाहत होते. तिने धार सोडली. वाटीत थोडं तेल उरलं होतं. सगळ्यांना वाटलं, आता आबा वाटी घेतील.

आबांनी डोक्यावरची टोपी काढून काखेत धरली आणि सुनेपुढे हात जोडून उभे राहिले.

"सूनबाई," ते म्हणाले, "माझ्या नावानं बी एक धार घाल."